घोटाळ्यांतून घडलेला अभ्यासक्रम

एमबीए, एमकॉम किंवा कंपनी सेक्रेटरीच्या विद्यार्थ्याला ‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स आणि व्यवसायनीती’ हा विषय पहिल्यांदा भेटतो तो समित्यांच्या यादीतून. कॅडबरी, बिर्ला, नारायण मूर्ती, कोटक. सालं आणि शिफारशी पाठ केल्या की पेपर निघतो. पण या विषयातल्या बहुतेक मोठ्या नियमांच्या मागे कुणाचे तरी बुडालेले पैसे आहेत, आणि नेमकी तीच हकिकत वर्गात घाईघाईने उरकली जाते.

तक्रार फार जुनी आहे. 1609 साली आयझॅक ल मेर या व्यापाऱ्याने डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांविरुद्ध सरकारदरबारी अर्ज केला. भागधारकांचे पैसे अडकवून ठेवतात, त्यांना जुमानत नाहीत, असं त्याचं म्हणणं. (त्याचा स्वतःचा हेतूही निर्मळ नव्हता, कंपनीच्या शेअरचा भाव पडावा म्हणून तो बाजारात डाव लावून बसला होता.) 1776 मध्ये अ‍ॅडम स्मिथने मुद्दा नेमका पकडला: दुसऱ्याचा पैसा सांभाळणारे संचालक आपल्या पैशाइतकी काळजी त्याची घेतील, अशी अपेक्षाच धरू नये.

मुंबईने याचा अनुभव 1865 मध्ये घेतला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि युद्धकाळातल्या तेजीत निघालेल्या कंपन्यांचे शेअर मातीमोल झाले. बँक ऑफ बॉम्बेने याच शेअरांच्या तारणावर कर्जं वाटली होती. 1863 च्या कायद्याने तशी मोकळीक मिळाली होती आणि संचालकांमध्ये सरकारने नेमलेली माणसंही होती. तरीही 1868 मध्ये बँक गुंडाळावी लागली. चौकशी आयोग बसला, अहवाल आला. अभ्यासाचा स्वतंत्र विषय मात्र यातून जन्मला नाही.

तो जन्मला लंडनमध्ये. मे 1991 मध्ये सर एड्रियन कॅडबरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. चॉकलेटवाल्या क्वेकर घराण्यातले हे गृहस्थ. समितीचं काम तसं मर्यादित होतं: कंपन्यांचे हिशेब आणि लेखापरीक्षण विश्वासार्ह कसे करायचे ते सांगणं. पण जुलैमध्ये बीसीसीआय ही बँक बंद पडली, नोव्हेंबरमध्ये वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेलचा मृतदेह समुद्रात सापडला, आणि पाठोपाठ कळलं की त्याच्या कंपन्यांच्या पेन्शन फंडातून 40 कोटी पौंडांहून अधिक रक्कम नाहीशी झाली आहे. आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसांची ती म्हातारपणाची पुंजी होती. त्यामुळे डिसेंबर 1992 मध्ये आलेल्या अहवालाकडे साऱ्या देशाचं लक्ष लागलं. अध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या ठेवा, मंडळावर किमान तीन बाहेरचे संचालक घ्या, लेखापरीक्षण समिती त्यांच्या हाती द्या. आणि हे पाळत नसाल तर का पाळत नाही ते भागधारकांना सांगा. जगभरचा अभ्यासक्रम आजही याच चौकटीवर उभा आहे.

नीतीचा धागा वेगळ्या वाटेने आला. वॉल स्ट्रीटवर इनसायडर ट्रेडिंगची प्रकरणं गाजत असताना 1987 मध्ये अमेरिकी शेअर बाजार नियामकाचे प्रमुख असलेले जॉन शॅड यांनी नीतिशिक्षणासाठी हार्वर्ड बिझनेस स्कूलला दोन कोटी डॉलरची देणगी जाहीर केली. पुढे दोन्ही धागे एका पेपरात बांधले गेले.

भारतात 1998 मध्ये राहुल बजाज यांच्या पुढाकाराने सीआयआयची ऐच्छिक संहिता आली, आणि कुमारमंगलम बिर्ला समितीनंतर 2000 मध्ये सेबीने नोंदणी करारात कलम 49 घातलं. मंडळावर स्वतंत्र संचालक आता सक्तीचे झाले.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. 2001 मध्ये एन्रॉन कोसळली. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे हे नाव महाराष्ट्राला चांगलंच ठाऊक होतं. या कंपनीची 64 पानी आचारसंहिता होती. अर्थप्रमुख अँड्र्यू फॅस्टो याला कंपनीशीच व्यवहार करणाऱ्या संस्था चालवता याव्यात म्हणून 1999 मध्ये मंडळाने ती संहिता त्याच्यापुरती बाजूला ठेवली. लेखापरीक्षण समितीचे अध्यक्ष लेखाशास्त्राचे प्राध्यापक होते, स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलचे माजी डीन. पुढे आपल्याकडे सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी. सप्टेंबर 2008 मध्ये या कंपनीला कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा पुरस्कार मिळाला. 16 डिसेंबरला मंडळाने प्रवर्तकाच्या कुटुंबाच्या दोन मेटास कंपन्या सुमारे 160 कोटी डॉलरला घ्यायला मंजुरी दिली. त्या मंडळावर हार्वर्डमध्ये हाच विषय शिकवणारे प्राध्यापक होते. गुंतवणूकदार खवळल्यावर काही तासांत निर्णय मागे घेतला गेला. 7 जानेवारी 2009 ला प्रवर्तक रामलिंग राजूंचं कबुलीचं पत्र आलं आणि ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड खोटी निघाली.

दोन्ही ठिकाणी ज्ञान कमी पडलं नव्हतं. मंडळाच्या टेबलावर, ओळखीच्या आणि मान देणाऱ्या माणसांसमोर ‘मला हे पटत नाही’ म्हणून विरोध नोंदवायचं कुणी मनावर घेतलं नाही. आपला अभ्यासक्रम हे शिकवत नाही, ही माझी त्याच्याबद्दलची खरी तक्रार आहे. व्याख्या विचारून ते येणार नाही.

सत्यमनंतर 2013 चा कंपनी कायदा आला. त्याच्या चौथ्या अनुसूचीत स्वतंत्र संचालकांसाठी संहिता आहे: शंकेचं समाधान झालं नाही तर ती सभेच्या इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रह धरा. हा विषय शिकणाऱ्यांनी ती अनुसूची मुळातून वाचावी, आणि शिकवणाऱ्यांनी एक तास तरी वर्गातच संचालक मंडळाची सभा भरवून प्रत्येकाला आपला विरोध लिहून द्यायला लावावा.