आत्याचं रजिस्टर आणि दवाखान्यातला कॉम्प्युटर



आपल्या भोपाळच्या जुन्या मराठी घरांबद्दल इथे बरंच लिहिलं जातं. गणेशोत्सव, नाटकं, टी. टी. नगरची सरकारी क्वार्टर्स. आज जरा वेगळं लिहितोय. माझ्या आत्याच्या नोकरीबद्दल.

आमचे आजोबा 1956 साली नागपूरहून आले. राज्यपुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि सचिवालयाच्या फायलींबरोबर आजोबाही. आत्या इथेच शिकली, नर्स झाली. गॅसकांडाच्या रात्री, म्हणजे 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री, ती घरी होती. सकाळी ड्युटीवर गेली ती तिसऱ्या दिवशी परतली. शहरभर दवाखाने भरून वाहत होते, एकट्या हमीदियात हजारो माणसं आली होती. आत्या सांगायची, "डोळ्यांत थेंब घालायचे, चिठ्ठीवर नाव लिहायचं, पुढचा. नाव विचारायलाही कधीकधी वेळ नसायचा."

त्या चिठ्ठ्यांची किंमत पुढे कळली. 1989 मध्ये कंपनीशी 47 कोटी डॉलरची तडजोड झाली. कुणाला किती त्रास झाला हे ठरवताना कागद बघितले जाऊ लागले. ज्याच्याकडे चिठ्ठी, एक्स-रे, भरतीचा कागद, त्याची बाजू भक्कम. ज्याचं सगळं पळापळीत गेलं, तो रांगेत उभा राहून सांगत बसला. बहुतेकांच्या हाती पहिल्यांदा 25,000 रुपये आले. म्हणून जुन्या भोपाळमध्ये घरोघरी एक प्लास्टिकची पिशवी असायची, खुंटीला टांगलेली, त्यात सगळे कागद. आग लागली तर आधी पिशवी, मग दागिने.

पुढे आत्याची बदली गॅसपीडितांच्या एका दवाखान्यात झाली. नाव लिहीत नाही. तिथे तिचं मोठं लाल रजिस्टर होतं. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, मोहल्ला, काय होतंय, काय दिलं. "दम भरतो", "डोळे जळतात", "घबराहट होते" असं पेशंट जसं बोलेल तसंच ती लिहायची.

9 ऑगस्ट 2012 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. गॅसपीडित महिलांच्या संघटनेने 1998 मध्ये केलेल्या याचिकेवरचा. पीडितांची वैद्यकीय माहिती तीन महिन्यांत कॉम्प्युटरवर आणा, प्रत्येकाला आरोग्यपुस्तिका आणि स्मार्ट कार्ड द्या. आमच्या घरी पेढे वाटले नाहीत इतकंच, पण आत्या खरंच खूश झाली. "आता पिशवी हरवली तरी माणूस हरवणार नाही," म्हणाली.

तिच्या निवृत्तीला तेव्हा थोडीच वर्षं राहिली होती. यथावकाश कॉम्प्युटर आला. एक आला, आणि ओपीडीत सकाळी शे-दीडशे माणसं. डॉक्टर कागदावर लिहिणार, ऑपरेटरने ते बघून टाइप करायचं. म्हणजे काम कमी झालं नाही, डबल झालं. दुपारी बत्ती गुल. ऑपरेटर कंत्राटी, महिन्याने दुसरा. शकीला बी हे नाव इंग्रजीत कधी एका आयने, कधी दोन ईने पडायचं. मशीनच्या लेखी दोन बायका झाल्या, आणि दोघींचा इतिहास अर्धा अर्धा. आजाराच्या यादीत "घबराहट" नव्हतंच. रांग ओरडत असली की ऑपरेटर यादीतलं पहिलं जे जवळचं दिसेल ते दाबून मोकळा.

आत्याने शेवटी स्वतःच तोडगा काढला. रजिस्टर बंद केलं नाही. रजिस्टरचा नंबर कॉम्प्युटरच्या शेऱ्यात घालायला लावला, आणि तोच नंबर पेशंटच्या कागदावर. पेशंट आला की आधी नंबर, मग नाव. शकीला बी पुन्हा एक झाली. वरून कुणाचा आदेश नव्हता. नव्या ऑपरेटरला ती हसून सांगायची, "बेटा, मशीन को क्या पता कौन किसकी बीवी है."

मी तेव्हा तिची चेष्टा करायचो, आत्या तू कॉम्प्युटरला घाबरतेस म्हणून. आता वाटतं, त्या दवाखान्यात कॉम्प्युटर चालावा असं मनापासून तिलाच वाटत होतं. फक्त तो बसवताना, सकाळी नऊच्या रांगेत तो कोण चालवणार, किती वेळात, हे तिला कुणी विचारलं नाही. बसवणाऱ्यांना अहवाल हवा होता, तिला पेशंट ओळखायचा होता.

कोर्टाचे तीन महिने किती लांबले बघा. 2025 च्या सुरुवातीला मध्य प्रदेश उच्च न्यायालयात सांगितलं गेलं की 2014 च्या आधीचे कागद फार जुने झालेत, दिवसाला 3000 पानंच स्कॅन होतात, सगळं व्हायला सुमारे 550 दिवस लागतील. गॅसकांडाला तेव्हा चाळीस वर्षं उलटली होती. त्या पानांतली कितीतरी माणसं स्कॅनरच्या आधीच गेली.

आत्या आता थकली आहे, पण हे वाचून दाखवलं तेव्हा म्हणाली, "एवढं नक्की लिही." म्हणून तिच्याच शब्दांत: तुमच्या घरी, कामवाल्या बाईंच्या घरी, शेजारी, 1984 च्या किंवा त्यानंतरच्या चिठ्ठ्या असतील तर "सगळं ऑनलाइन झालंय" म्हणून रद्दीत घालू नका. फोटो काढा, आणि कागदही ठेवा.

तुमच्यापैकी कुणाची आई, काकू, मावशी त्या काळात दवाखान्यांत होती का? त्यांनी कसं निभावलं, जरूर लिहा. आत्याला वाचून दाखवीन.