आपले आष्टा गाव

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या रानात, सांगली-पेठ रस्त्यावर आष्टा वसले आहे. आज येथे नगरपरिषद असली तरी गावाचा पिंड शेतकऱ्याचाच आहे.

सरकारी दप्तरात गावाचा जिल्हा दोनदा बदलला. आधी सातारा, १९४९ साली दक्षिण सातारा आणि १९६० पासून सांगली. १९४२ च्या लढ्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारला याच वाळवा तालुक्याने बळ दिले.

ग्रामदैवत श्री चौंडेश्वरी देवीचे मंदिर हे गावाचे भूषण होय. ज्येष्ठात भरणाऱ्या भावईला परगावचे आष्टेकर आवर्जून घरी येतात.

पूर्वी मोटेच्या पाण्यावर मळे पिकत. पुढे नदीचे पाणी उपसून आणले गेले, ऊस आला, सुबत्ता आली. पण पाणी बेसुमार झाले, निचरा राहिला नाही, तेथे क्षार वर आले आणि कृष्णाकाठची कित्येक सोन्यासारखी रानं क्षारपड झाली. चर काढून, निचरा करून, पाणी बेताने देऊन अशी जमीन पुन्हा पिकाखाली येते.

मंदिराचा जीर्णोद्धार दात्यांच्या उदार हातांनी होतो. मातीचा जीर्णोद्धार मात्र ज्याने त्याने आपल्याच बांधावर करावयाचा आहे. देवीने तशी बुद्धी सर्वांस द्यावी, हीच प्रार्थना.