टर्बो आधी की गियर? जुन्या डिझेल पिकअपची गोष्ट

हा भाग ऐकायचा सोडून वाचताय, म्हणजे बहुतेक हेडफोन घरी विसरलात. चालेल.

आजची गोष्ट माझ्या मामाच्या गाडीपासून सुरू होते. मामाकडे जुनी टाटामोबाइल २०६ आहे, बिनटर्बोची. आंब्याच्या सीझनमध्ये तो चिपळूणहून पेट्या भरतो आणि कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला जातो. गेल्या मे महिन्यात त्याचा फोन आला. ‘‘घाटात गाडी दम टाकते रे. फिटर म्हणतो, भंगारातल्या सुमोचा टर्बो काढून बसवतो, पस्तीस हजार. तू इंजिनियर ना? सांग, बसवू का?’’

मी बीटेक खरा, पण कॉम्प्युटरवाला. हा फरक मामाला आजवर पटलेला नाही. पस्तीस हजार म्हणजे त्याची अर्ध्या सीझनची कमाई, त्यामुळे ‘मला माहीत नाही’ म्हणून सुटता येईना. मी वाचायला बसलो आणि थेट विलीस जीपपर्यंत मागे गेलो.

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रने मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली. सीजे-३बी जीपच्या मागच्या हाउसिंगमध्ये क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८. भागाकार केला की ५.३८ येतो. म्हणजे टॉप गियरमध्ये चाकाचा एक फेरा व्हायला इंजिनाचे ५.३८ फेरे लागतात. चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेरे फिरलं की गाडी ९८ किलोमीटर वेगाने पळणार. कागदावर हं, त्या काळच्या रस्त्यांवर कोण पळवत होतं!

सत्तरच्या दशकात तेल महागलं. महिंद्रकडे ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन होतंच, तेच जीपमध्ये आलं. आता ट्रॅक्टरचं इंजिन म्हणजे बैल. खालून ओढतं, पण पळत नाही. ते २,००० फेऱ्यांवर चालवायचं आणि हाउसिंग तेच ५.३८ चं ठेवायचं म्हटलं, तर टॉपमध्ये वेग येतो ४९. इंजिन बदललं की गियरचं गणित पहिल्यापासून मांडावं लागतं, ते या एका आकड्यात दिसतं.

पुढे १९७९ च्या सुमारास महिंद्रने प्यूजोशी करार केला. त्यातून आलं एक्सडीपी ४.९० हे इंजिन, २,११२ सीसीचं. नावातला ४ म्हणजे सिलिंडर, ९० म्हणजे बोअर मिलिमीटरमध्ये. स्ट्रोक ८३. हे पळणारं डिझेल होतं, ४,५०० फेऱ्यांपर्यंत जाणारं, त्यामुळे त्याला जास्त रिडक्शनचं हाउसिंग चाललं असतं. आणि गंमत बघा, टाटांच्या ४८३ इंजिनाचा बोअर ८३ आणि स्ट्रोक ९०. बरोब्बर उलट! याचा काही अर्थ नाही, पण मी हे बघून रात्री दीड वाजता एकटाच हसलो होतो.

हेच १,९४८ सीसीचं ४८३ मामाच्या गाडीत आहे. टेल्कोने १९८८ मध्ये पुण्यात टाटामोबाइल आणली, १९९१ ला त्याच पायावर सिएरा, आणि १९९४ ला सुमोतही हेच इंजिन गेलं. सुरुवातीला टर्बो नव्हता. ताकद साठ-पासष्ट हॉर्सपॉवरच्या घरात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टर्बो आला तेव्हा तीच क्षमता नव्वदच्या आसपास गेली.

मग फिटर काय चुकीचं सांगत होता? इंजिन तेच, सीसी तेवढेच, सुमोचा टर्बो बसायलाच हवा की.

इथे जरा थांबतो. टर्बोचं पेटंट १९०५ चं, आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरचं. बाहेर जाणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. पण नुसत्या हवेने ताकद येत नाही. ती येते त्या हवेत जादा डिझेल जाळल्याने, आणि जादा डिझेल म्हणजे जादा उष्णता. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. कंपनी टर्बो देते तेव्हा पंप, पिस्टन, तेलाने होणारं कूलिंग, हेड गॅस्केट या सगळ्याचा विचार करून देते. प्यूजोने १९७९ मध्ये ६०४ गाडीला टर्बो डिझेल दिलं, तेव्हा २,३०४ सीसीमधून ८० हॉर्सपॉवरच काढली. बिनटर्बोचं तेवढंच इंजिन ७० देत होतं. वाढ फक्त दहाची! फिटर मात्र पंपाचा स्क्रू पिळणार आणि गाडी ‘उडते बघा’ म्हणणार.

त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. ती मला गाडीत बसल्यावर कळली.

गाडीला टॅकोमीटर नाही. म्हणून मी घाटात पॉडकास्टचा माइक डॅशबोर्डवर चिकटवला. चार सिलिंडरचं इंजिन दर फेऱ्याला दोनदा पेटतं. तिसऱ्या गियरमध्ये गाडी दम टाकत होती तिथल्या आवाजातलं मुख्य कंपन ४५ हर्ट्झ निघालं. ४५ गुणिले ६०, भागिले २ : १,३५० फेरे. एवढ्या कमी फेऱ्यांवर धूरच इतका थोडा, की तो टर्बो नीट फिरलाच नसता. जिथे मामाला जोर हवा, तिथे पस्तीस हजारांचा पंखा शोभेपुरता! दुसरा टाकला तर इंजिन किंचाळतं, म्हणून मामा तिसऱ्यातच रेटत राहतो आणि मागे काळा धूर.

आणि मग योगायोग. घाटाखाली सपाटीला फोनचा जीपीएस ६० दाखवत होता, तेव्हा काटा ५६ वर. माझ्या स्कूटरचा काटा तर नेहमी जास्तच दाखवतो, हा उलटा कसा? टायर बघितले. आधीच्या मालकाने ‘गाडी उंच दिसते’ म्हणून मोठे टायर टाकले होते, मूळ मापापेक्षा व्यासाने जवळपास पाच सेंटिमीटर जास्त. म्हणजे सात टक्के. मोठं चाक म्हणजे प्रत्येक गियर सात टक्के लांब झाला, आणि चाकाला मिळणारा ओढ तेवढाच घटला. कोणी गियरबॉक्स न उघडताच गाडीचं गियरिंग बदलून ठेवलं होतं. किलोमीटरही कमी मोजले जात होते, त्यामुळे ‘ॲव्हरेज पडलं’ ही मामाची तक्रार निम्मी तरी काट्याचीच होती.

मामाला सांगितलं, ‘‘टर्बो नको. मूळ मापाचे टायर टाका, एअर फिल्टर बदला, पंप आणि नोझल तपासून घ्या.’’

तो जरा नाराज झाला. भाच्याने काहीतरी भारी सांगावं अशी अपेक्षा असणार.

टायर तसेही झिजले होते, ते बदलले. सात टक्क्यांनी चमत्कार होत नाही, हेअरपिनला अजूनही दुसराच लागतो. पण मधल्या लांब चढावर तिसरा आता टिकतो. परवा फोनवर म्हणाला, ‘‘पेट्या तेवढ्याच, धूर कमी.’’ मग लगेच, ‘‘आता क्राउन-पिनियन बदलली तर?’’

त्यावर मी अजून वाचतोय. भेटू पुढच्या भागात.