एवढं लांब नाव का?



आपल्या भागातल्या मुलामुलींच्या पदवीवर विद्यापीठाचं नाव असतं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. माझ्या बी.ए.च्या पदवीवरही तेच आहे. एवढं लांब नाव का, हे मात्र गटातल्या तरुण मुलींना ठाऊक नसतं.

१९५८ साली विद्यापीठ निघालं तेव्हा ते नुसतं मराठवाडा विद्यापीठ होतं. त्याच्या आठ वर्षं आधी, १९५० मध्ये, बाबासाहेबांच्या संस्थेने औरंगाबादला कॉलेज काढलं होतं. तेच आजचं मिलिंद. गावकुसाबाहेरची कितीतरी मुलं तिथे शिकली. म्हणून मागणी झाली की विद्यापीठाला त्यांचं नाव द्या. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्यांमधली घरं जाळली, हजारो माणसं बेघर झाली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना ठार मारलं. (तेव्हा आपला जालना जिल्हा नव्हताच, तो १९८१ चा. अंबड तालुका औरंगाबादेत होता.)

माझं मन अडतं ते त्या वेळच्या बोलण्यापाशी. एकीकडून सांगणं होतं, ‘आमचं घर जळालं.’ समोरून उत्तर यायचं, ‘आमची अस्मिता दुखावली.’ ते दुखणं खोटं नव्हतं. नामांतराला विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्यासारखी निजामाविरुद्ध लढलेली माणसं होती. ‘मराठवाडा’ हा शब्द त्यांनी लढून कमावला होता. पण जळालेल्या घराचा विषय निघाला की बोलणं फिरून दुखावलेल्या अस्मितेवरच यायचं. जणू बौद्धवाड्यातली बाई मराठवाड्याची नव्हतीच!

गटाच्या बैठकीत आजही असं होतं. एखादी सांगते, ‘ताई, मला हापशावर थांबवलं.’ दुसरी लगेच म्हणते, ‘आम्ही कुठं भेदभाव करतो? आम्ही पण गरीबच की.’ मग कोण किती चांगली, यावर अर्धा तास जातो आणि हापसा राहतो बाजूला. अशा वेळी मी इतिवृत्ताची वही उघडते. आधी तिचं सगळं लिहून घ्यायचं: कुठल्या दिवशी, कोण होतं, काय म्हणालं. बाकीच्यांचं मन दुखावलं असेल तर ते नंतर. काही जणींना राग येतो, येऊ दे.

ठराव झाला तरी नाव बदलायला सोळा वर्षं लागली. १९७९ मध्ये नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ‘मराठवाडा’ हा शब्द पुसला गेलाच नाही, तो आजही त्या नावात आहे.

१४ जानेवारी म्हणजे बऱ्याच वर्षी संक्रांत. आपण वाणाच्या गडबडीत असतो, आणि त्याच दिवशी कितीतरी बाया लेकरांना घेऊन विद्यापीठाच्या गेटपुढे हात जोडायला जातात. शेजारच्या घरातली कुणी जात असेल, तर तिथलं ती काय सांगते ते ऐका.