घरी सोडल्यानंतरचे दिवस

फलटणला प्रवासी रेल्वे आली 2019 साली. त्याआधी मोठ्या दुखण्याच्या माणसाला रेल्वेने न्यायचं तर आधी लोणंद स्टेशन गाठावं लागे. तिथून एक वाट पुण्याला ससून हॉस्पिटलकडे जायची, दुसरी मिरजेकडे. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि 1897 पासून तिथेच डॉक्टर घडवायला घेतले. ऑपरेशनसाठी लांबलांबची माणसं मिरजेला जाऊ लागली.

एवढा प्रवास करून गेलेलं माणूस चार दिवसांत परत येत नसे. अँटिबायोटिक्स नव्हती आणि जखम चिघळली तर गाठ जिवाशी होती. गावी परतल्यावर विचारायला डॉक्टर नाही की फोन नाही. जखम नीट भरून येईपर्यंत पेशंटला डोळ्यांपुढे ठेवणं हाच त्या काळी खरा उपचार होता.

ससूनमधलं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण पाहा. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन 12 जानेवारी 1924 च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी केलं. 5 फेब्रुवारीला सरकारने त्यांची शिक्षा माफ करून सुटका केली. तुरुंगाचं दार उघडलं, पण दवाखान्याची खाट सुटली नाही. ते ससूनमधून बाहेर पडले मार्चमध्ये, आणि तेही थेट जुहूला, समुद्रकाठी विश्रांतीला. वय होतं 54. आज हेच ऑपरेशन करून माणूस बहुधा दोन-तीन दिवसांत घरी येतो.

हा बदल वाईट आहे असं मुळीच नाही. 1930-40 च्या दशकांत डॅनियल लाइथाउझर या अमेरिकन सर्जनने ऑपरेशननंतर पेशंटला लगेच उठवून चालवायला सुरुवात केली. पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गाठी होतात आणि फुप्फुसात कफ साठतो, हे डॉक्टरांच्या ध्यानात येत होतं. मग महायुद्धात खाटा अपुऱ्या पडल्या आणि ही रीत रुजली. वयस्कर माणसाला तर नुसतं झोपून राहणं फार लवकर खच्ची करतं.

पेशंटला घरी पाठवण्याची खरी परीक्षा झाली ती क्षयरोगात. सांगली-मिरजेच्या मधल्या वॉन्लेसवाडीला क्षयाचं सॅनेटोरियम होतं. मोकळी हवा, सकस अन्न आणि महिनोन्‌महिने विश्रांती, असा तिथला मुक्काम. घरी पाठवलं तर पेशंट बरा होणार नाही आणि घरच्यांनाही लागण होईल, अशी धास्ती सगळीकडेच होती. 1956 मध्ये मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने हे पडताळायला 193 पेशंट घेतले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना दाटीवाटीच्या घरांतच गोळ्या दिल्या. 1959 मध्ये निष्कर्ष छापून आला: घरचे पेशंटही जवळजवळ तितकेच बरे झाले. घरच्यांना लागणही जास्त झाली नाही, हे पुढे दिसून आलं.

या अभ्यासाचा दाखला देताना एक गोष्ट मात्र नेहमी गळते. मद्रासच्या त्या पेशंटना गोळ्यांची पुडी हातात देऊन वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. आरोग्यसेविका त्यांच्या घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, औषध पोटात गेलं की नाही हे लघवी तपासून बघत. पेशंट घरी आला, त्याच्यामागोमाग दवाखानाही घरी आला.

पैशाचा हिशेब मध्ये आला की हे मागोमाग येणं पहिल्यांदा तुटतं. अमेरिकेत ऑक्टोबर 1983 पासून मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी विम्यात प्रत्येक आजाराची ठरावीक रक्कम हॉस्पिटलला मिळू लागली. पेशंट जितका लवकर जाईल तितका हॉस्पिटलचा फायदा. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसलं की घरी पाठवलेल्या वृद्धांपैकी प्रकृती स्थिर नसतानाच सोडलेल्यांचं प्रमाण 10 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर गेलं होतं.

आपल्याकडे राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि 2013 च्या नोव्हेंबरमध्ये सातारा-सांगलीसह राज्यभर पोहोचली. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. ज्यांना ऑपरेशन परवडलंच नसतं अशा असंख्य घरांना तिने तारलं, हे आधी मान्य करायला हवं. पण तिचीही मांडणी पॅकेजची आहे. रक्कम ठरलेली, पेशंट चार दिवस राहिला काय नि आठ दिवस राहिला काय. डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं त्यात धरलेली आहेत, पण त्यासाठी पेशंटनेच पुन्हा हॉस्पिटल गाठायचं असतं.

फलटण तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या ऐंशीच्या आजीला हे कसं जमायचं? पुणे, सातारा किंवा बारामतीहून गाडी करून तिला आणतात. सोबत एक फाईल, एक्स-रेचं मोठं पाकीट, गोळ्यांची पिशवी आणि लघवीची नळी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे जाता जाता कुणीतरी सांगितलेलं असतं. कूस बदलताना पाय आत वळू द्यायचा नाही, हे कधी सांगितलेलं असतं, कधी नसतं. वॉर्डात पाळीपाळीने नर्स जे करत होत्या, ते सगळं रातोरात सुनेच्या अंगावर येतं. तिला रानातलंही सुटत नाही. आठव्या दिवशी आजीला ताप भरला तर तो टाक्यांचा की नळीचा, हे तिने कसं ओळखायचं?

घरी जाऊन पाहणं महाराष्ट्राला नवं नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं वाचवली. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये जगापुढे आले आणि पुढे तीच पद्धत देशाने उचलली. दवाखान्यात जन्मलेलं बाळ घरी आलं की आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जाते. वजन करते, ताप बघते, आईला धोक्याच्या खुणा सांगते. ज्येष्ठांसाठी केंद्राचा कार्यक्रम 2010-11 मध्ये सुरू झाला आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन पाहण्याची तरतूदही त्यात आहे. पण बाळासाठी आहे तसं डिस्चार्जच्या तारखेपासून दिवस मोजलेलं वेळापत्रक त्यात नाही. फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयापासून वाडीवरच्या उपकेंद्रापर्यंत माणसं आहेत, आशाही आहेत. बाहेरगावी ऑपरेशन झालेली आजी आज घरी येते आहे, एवढा निरोप त्यांना त्याच दिवशी पोहोचायला हवा.