दूरध्वनीचा क्रमांक : पत्ता की किल्ली?

‘आपला क्रमांक काय?’ असे कोणी विचारले की आपण तो सहज सांगून टाकतो. वाण्याच्या दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या कचेरीत आपण तो कितीदा उच्चारतो याची गणतीच नाही. त्यात गैर असे काही नाही. क्रमांक हा मुळी दुसऱ्याला सांगण्यासाठीच जन्माला आला. परंतु गेल्या पंधरा-सोळा वर्षांत हाच क्रमांक आपल्या संदेशांचे, छायाचित्रांचे आणि गणगोताचे दारही उघडू लागला आहे. सांगावयाची वस्तू व जपावयाची वस्तू एकच होऊन बसली, ती कशी, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

१८७८ साली अमेरिकेतील न्यू हेवन येथे जगातील पहिली दूरध्वनी सूची निघाली. एका पानावर पन्नास ग्राहकांची नावे होती. क्रमांक मात्र एकाचाही नव्हता. ग्राहकाने नाव सांगावे आणि केंद्रातील ऑपरेटरने तार जोडून द्यावी, असा रिवाज होता. पुढे १८७९ च्या सुमारास लोवेल या गावी गोवराची साथ आली. ऑपरेटर आजारी पडले, तर कोणती तार कोणाची हे नवख्या माणसाला कसे कळावे, अशी चिंता तेथील डॉ. मोझेस ग्रीली पार्कर यांस वाटली आणि ग्राहकांना क्रमांक द्यावेत, असे त्यांनी सुचविले. क्रमांक जन्मला तो असा. तो माणसाला दिलेला नव्हता, तर तारेच्या टोकाला दिलेला होता.

या क्रमांकाने प्रारंभी खाजगीपणाला हातभारच लावला, हे विशेष. अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या आल्मन स्ट्रोजर यांनी १८९१ मध्ये स्वयंचलित जोडणीच्या यंत्राचे पेटंट मिळविले. प्रतिस्पर्ध्याची पत्नी ऑपरेटर असून ती आपली गिऱ्हाइके तिकडे वळविते, या संशयातून त्यांना हे सुचले, अशी कथा सांगतात. कथा काहीही असो, यंत्र आल्यावर मधला कान दूर झाला.

आपल्याकडे १८८२ च्या जानेवारीत कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील दूरध्वनी केंद्रे खुली झाली. त्यानंतर शंभरावर वर्षे क्रमांक घराचा किंवा पेढीचाच राहिला. एका यंत्रावर साऱ्या आळीचे निरोप येत. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात भ्रमणध्वनीवरून पहिले संभाषण झाले आणि क्रमांक घराच्या भिंतीवरून माणसाच्या खिशात आला. जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही क्रमांक तोच ठेवता येऊ लागला. तो आता माणसाला जन्माचा चिकटला.

इकडे संगणकावरील संदेशसेवांची रीत निराळी होती. १९९६ चे आयसीक्यू सदस्याला आपला वेगळा क्रमांक देई, तर याहूच्या सेवेत मनाजोगे नाव घेता येई. २००९ मध्ये जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी व्हॉट्सअ‍ॅप काढले व ती रीत मोडली. नवे नाव नको, परवलीचा शब्द नको. क्रमांक हेच नाव. ही सोय खरोखर मोठी होती. संगणकाला कधी हात न लावलेली आजीदेखील नातवाशी बोलू लागली. परंतु या सोयीचे मोल पुढे कळले.

पहिली गोष्ट अशी की, नावे अगणित असतात, क्रमांक मोजके. यंत्राला एकापाठोपाठ एक सारे क्रमांक चाचपून पाहता येतात. फेसबुकवरील ओळखी शोधण्याच्या सोयीचा असाच दुरुपयोग झाला आणि २०२१ मध्ये ५३ कोटींहून अधिक लोकांचे क्रमांक नावांसह उघड्यावर पडले. २०२५ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी याच मार्गाने व्हॉट्सअ‍ॅपची साडेतीन अब्ज खाती हुडकून दाखविली. २०१९ साली हाँगकाँगच्या आंदोलकांपुढे तर हा प्रश्न तुरुंगाचा होता. टोपणनावाने टेलिग्रामवर बोलणाऱ्याचा क्रमांक पोलिसांनी ताडला, तर टोपणनावाचा उपयोग काय? त्यानंतर, आपल्या क्रमांकावरून आपणांस कोणी शोधावे, हे ठरविण्याची मुभा टेलिग्रामने सदस्यांस दिली.

दुसरी गोष्ट, दोन वेगळ्या वह्या क्रमांकाच्या दोऱ्याने एकत्र शिवता येतात. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप घेतले, तेव्हा दोन्हीकडील खाती आपोआप जुळविणे आपणांस नीटसे साधणार नाही, असे त्याने युरोपीय आयोगास सांगितले होते. २०१६ मध्ये क्रमांक फेसबुकला देण्याची तरतूद झाली आणि २०१७ मध्ये दिशाभूल करणाऱ्या माहितीबद्दल आयोगाने ११ कोटी युरोंचा दंड केला. भारतातही हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी, अन्य एका खटल्यात, खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

तिसरी गोष्ट, क्रमांक आपल्या मालकीचा नसतोच. बंद पडलेला क्रमांक किमान नव्वद दिवसांनी दुसऱ्यास देता येतो. भाडेकरू बदलावा, पण जुन्याची पत्रे नव्याच्या हाती पडावीत, असा हा प्रकार. सिग्नल या सेवेने २०२४ मध्ये क्रमांक न दाखविता नावाने बोलण्याची सोय केली; तरी नोंदणीसाठी क्रमांक लागतोच.

आम्हां शिक्षकांस या विषयाची झळ रोज जाणवते. एका वर्गाच्या पालकांचा गट केला की चाळीस घरांचे क्रमांक एकमेकांपुढे मांडले जातात. एकटी राहणारी एखादी आई आपला क्रमांक शाळेला देते, तो मुलाच्या काळजीपोटी. साऱ्या गावाला देत नाही. हाक मारण्यासाठी दिलेली खूण दार उघडण्यासाठी वापरली जाऊ नये, एवढीच तिची अपेक्षा असते. ती राखणे हे कायद्याचे व कंपन्यांचे काम खरे. परंतु दुसऱ्याचा क्रमांक तिसऱ्याला देण्यापूर्वी त्यास विचारावे, एवढे सौजन्य पाळण्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.