हळदीची परीक्षा

स्मरणिकेसाठी हळदीविषयी काही लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मला प्रथम आठवल्या त्या माझ्या सासूबाई. घरात कोणाला मुका मार लागला, की त्या सहाणेवर आंबेहळद उगाळून लेप गरम करीत. कोणी शंका काढलीच, तर "उतार पडला की नाही ते बघ," एवढेच म्हणत.

उतार पडे, हे खरे. पण मुका मार चार-आठ दिवसांत आपण होऊनही बरा होतो. मग गुण लेपाचा की दिवसांचा?

हा प्रश्न विचारायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. हळदीतले पिवळे द्रव्य, कुर्क्युमिन, 1815 साली युरोपात वेगळे काढण्यात आले; त्याची रचना 1910 साली उलगडली. त्याने सूज उतरते का, हे लखनौच्या संशोधकांनी जनावरांवर पाहिले आणि 1973 साली प्रसिद्ध केले. मग 1980 साली आमवाताच्या 18 रोग्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यात रोज 1200 मिलिग्रॅम कुर्क्युमिनची तुलना त्या काळच्या फेनिलब्युटाझोन या औषधाशी केली होती, आणि गुण जवळपास सारखाच आढळला. मात्र हळदीत हे द्रव्य शेकडा 3 च्या आसपास. म्हणजे तेवढ्यासाठी दिवसाला 40 ग्रॅम हळद पोटात जायला हवी! आपल्या फोडणीतली चिमूट कुठे नि हे कुठे!

मला अधिक भावला तो 1991 साली प्रसिद्ध झालेला पुण्याचा प्रयोग. संधिवाताचे 42 रोगी. औषधात अश्वगंधा, सालई, हळद आणि जस्ताचे संयुग. रोग्याला तीन महिने खरे औषध किंवा तसेच दिसणारे नकली, मग पंधरा दिवस काही नाही, आणि पुढचे तीन महिने अदलाबदल. कोणते खरे हे रोग्याला ठाऊक नाही, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. आमच्या सासूबाईंना ही लपवाछपवी मुळीच रुचली नसती. पण त्यामुळेच निष्कर्षाला वजन आले: वेदना आणि अवघडलेपण चांगलेच कमी झाले; क्ष-किरण चित्रात मात्र सांध्यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. प्रयोग करणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या.

हे मी पुष्कळ उशिरा वाचले. सासूबाईंना आमवात जडला, तेव्हा हळदीच्या कीर्तीवर विसंबून, त्यांच्या संमतीने का होईना, मी डॉक्टरांच्या गोळ्या सहा महिने बंद ठेवल्या होत्या. दुखणे मधूनमधून कमी वाटे, म्हणून आम्ही समाधानात होतो. बोटे मात्र आतल्या आत वाकत गेली. पुढे गोळ्या पुन्हा सुरू केल्या, सूजही उतरली. पण वाकलेली बोटे सरळ झाली नाहीत. त्यानंतर सहाणेवर आंबेहळद मीच उगाळीत असे, आणि लेप किती दाट हवा, ते त्या शेजारी बसून सांगत.